बुधवारचा माणूस

(दृश्य : वेंगुर्ले तालुक्यातली एक वाडी. माडांच्या बागेतून जाणारी पाणंद, शेवटी कौलारू घर. कॅमेरा चिऱ्याच्या गडग्याशी थांबतो, आत जात नाही.)

एखादं घर वाळीत टाकायचं तर पूर्वी गावकी बसायची, ठराव व्हायचा. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात आता २०१६ चा कायदा आहे. पण काही घरं ठरावाशिवायच वाळीत पडतात. भांडण नाही, वैर नाही. घरातला मुलगा एकटाच बोलायला लागतो, रात्रीबेरात्री माडात जाऊन बसतो, एखाद्या दिवशी शेजाऱ्यावर धावून जातो. मग हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं राहून जातं. गणपतीत घरोघर फिरणारं भजनी मंडळ ‘आज उशीर झाला’ म्हणत याच घरावरून पुढे जातं. माणसं वाईट नसतात. जाऊन बोलायचं काय, हे त्यांना सुचत नाही.

या घरातल्या माणसाचं नाव आम्ही सांगणार नाही, चेहराही दाखवणार नाही. घरात त्याला बाबू म्हणतात. कोकणात घरटी एक बाबू असतो, तेव्हा तेवढं चालून जाईल.

(दृश्य : कोकण रेल्वेचं स्टेशन, सकाळची गाडी. पिशव्या, खोके, चाकरमानी.)

बाबू एकोणिसाव्या वर्षी मुंबईला गेला. लालबागला गावकीची खोली, दिवसा काम, रात्री वळकटी. तीन वर्षांनी चुलत्यांनी त्याला परत आणून सोडलं. दाढी वाढलेली, कुणाच्या हातचं पाणीसुद्धा प्यायचा नाही. त्यात विष घातलंय, असं त्याला आवाज सांगायचे.

“मुंबयन माझ्या झिलाक खाल्ल्यान,” आई म्हणते.

हे वाक्य इथे बऱ्याच घरांत ऐकू येतं. त्यामागे मुंबईचा दोष किती, हा प्रश्न वेगळा. आवाज ऐकू येणं, नसते संशय येणं असा हा आजार, स्किझोफ्रेनिया, बहुधा विशीच्या आसपास डोकं वर काढतो, पुरुषांत जरा लवकर. कोकणातला मुलगा बॅग भरून मुंबई गाठतो तेही नेमकं याच वयात. आजार आणि गाडी एकाच सुमाराला येतात आणि आळ मुंबईवर जातो. नाहीतर करणीवर जातो. या घराने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. त्याबद्दल त्यांना हसायचं काही कारण नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरादातार दर्ग्यात दुवा मागायला आलेल्या माणसाला तिथेच औषधही मिळावं, अशी सोय केली गेली. देवाला सोडायला न सांगताही माणसाला डॉक्टरपर्यंत आणता येतं.

इथल्या माणसाला डॉक्टर लांब होते, ही खरी अडचण. कोकणातलं जुनं सरकारी मनोरुग्णालय रत्नागिरीला. वेंगुर्ल्याहून ते दीडशे किलोमीटरच्याही पुढे. आजारी मुलाला घेऊन एसटीने तिथे जायचं म्हणजे काय, हे त्या आईला विचारा. पुढे ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात सोय झाली आणि जरा सुसह्य झालं. गोळ्या सुरू झाल्या, आवाज मंदावले, बाबू जेवू लागला.

आणि पडवीतल्या खाटेवर बसून राहिला. पुढची अनेक वर्षं.

(दृश्य : पडवी, रिकामी खाट, भिंतीला टांगलेली औषधांची पिशवी.)

गोळ्यांचं काम गोळ्या करतात. हात थरथरणं, तोंडाला लाळ सुटणं, दिवसभर गुंगी, वाढतं वजन हे त्यांचे त्रासही असतात आणि ते डॉक्टरांना वेळेवर सांगितले तर बरेचदा डोस किंवा औषध बदलता येतं. पण सांगायचं कुणी? वाडी म्हणते, गोळ्यांनीच येडो केलो. आई म्हणते, निदान शांत तरी आहे. आणि बाबूकडे औषधाव्यतिरिक्त दुसरं काही बोलायला कुणी येतच नाही. ‘गोळी घेतलंस?’ हा त्याच्याशी दिवसाकाठी होणारा सगळा संवाद.

(दृश्य : रिक्षा पाणंदीच्या तोंडाशी थांबते. एक तरुण उतरतो, चालत घराकडे येतो.)

हा बुधवारचा माणूस. वय सव्वीस, धंदा रिक्षाचा. तालुक्यातल्या आठ-दहा माणसांनी एक गट केला आहे, त्यातला हा. गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत, एक आशाताई, एक किराणा दुकानदार. मनोरुग्णांबरोबर काम केलेल्या एका समाजसेविकेने त्यांना बसवून काही गोष्टी शिकवल्या. एका माणसाकडे एकच सोबती. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, तासभर. बाईकडे बाई, पुरुषाकडे पुरुष. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. गोळ्या वाढवा, कमी करा असं चुकूनही बोलायचं नाही. घरातलं बाहेर सांगायचं नाही. हे शेवटचं वाडीत सर्वांत अवघड, कारण रिक्षात बसणारा प्रत्येक जण विचारणारच.

बुधवारच का? तो हसून सांगतो की सोमवारी आणि गुरुवारी त्या घरात मासे नसतात.

अशी कल्पना जगात नवी नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात १९७३ मध्ये मानसिक आजार असलेल्या माणसांना साध्या नागरिकांतून मित्र जोडून द्यायचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे तो बऱ्याच ठिकाणी गेला. बेल्जियममधल्या गील गावात तर कित्येक शतकं मनोरुग्णांना घरात ठेवून घ्यायची रीत आहे. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ नावाच्या उपक्रमात गावातल्याच माणसांना असा आधार द्यायला तयार केलं गेलं. आपल्या शेजारी तेरेखोलच्या पलीकडे, गोव्यात, १९९६ मध्ये सुरू झालेली ‘संगत’ ही संस्था साध्या माणसांना समुपदेशनाचं काम शिकवते आहे.

(दृश्य : खळं. मे महिन्याचं ऊन. गोणपाटावर कोकमाचा लालजांभळा ढीग.)

पहिले काही बुधवार बाबू खाटेवरून उठला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. सोबत्याने त्याच्याशी बोलायचा हट्ट धरला नाही. खळ्यात आई कोकमं फोडत बसलेली असायची, तिच्याशेजारी बसून हाही फोडायला लागला. फळ चिरायचं, बिया आणि गर एका भांड्यात, साल दुसरीकडे. मग सालींना मिठाच्या रसाचं पुट द्यायचं आणि वाळत घालायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुट. रिक्षावाल्याचे हात या कामाला नवखे. सालीचे तुकडे होत होते, रस कोपरापर्यंत ओघळत होता.

पडवीतून आवाज आला. “तशी नाय फोडूची.”

बाबू उठून आला. सुरी घेतली, फळाला मधोमध गोल चीर दिली, दोन्ही अंगठ्यांनी दाबून वाट्या अलगद सुट्या केल्या. “अशी.” आणि परत जाऊन पडला.

एवढंच झालं त्या दिवशी. पण कित्येक वर्षांत त्याने कुणाला काही शिकवलं नव्हतं. येणारा जाणारा त्यालाच शिकवायचा. आम्हाला विचाराल तर या उपक्रमाचं मर्म या कोकमात आहे. सोबत्याने दर वेळी काही द्यायलाच हवं असं नाही. त्याला एखादी गोष्ट येत नसली तर फारच बरं.

नंतरच्या एका बुधवारी बाबूने आवाजांची गोष्ट काढली. तुला ऐकू येतात का, असं विचारलं. अशा वेळी ‘हो’ म्हणू नये आणि ‘सगळे मनाचे खेळ’ म्हणून उडवूनही लावू नये. सोबती म्हणाला, “माका काय आयकाक येणा नाय. पण तुका येता म्हणजे तरास होत असतलो.” बाबूने मान हलवली. पुढचा अर्धा तास दोघे क्रिकेटवर बोलत होते.

(दृश्य : किनारा, भल्या सकाळी. होडी अर्धवर्तुळात जाळं सोडत येते. दोन टोकांना दोरखंड, दोन रांगा.)

नारळी पौर्णिमा उलटली, समुद्र जरा निवळला की रापणी, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची लांब जाळी, लागतात. दोन बाजूंना दोन रांगा, कंबर मागे टाकून ओढायचं. इथे बोलावं लागत नाही. दोराला हात लावला की माणूस रांगेतला. सोबत्याने बाबूला विचारलं, येतस? पहिल्यांदा तो नाही म्हणाला. ‘बरां’ म्हणून हा एकटाच गेला. दुसऱ्या खेपेला बाबू वाळूत लांब उभा राहून बघत होता. तिसऱ्या खेपेला दोराचं शेपूट त्याच्या हातात होतं.

रांगेतल्या एकाने तोंड वाकडं केलं, तेही आम्ही पाहिलं. दुसऱ्याने त्याला दाबलं. जाळं आलं, आत बांगडे आणि तारल्या फडफडत होत्या, बायकांच्या पाट्या भरल्या. दोराला लागलेल्यांना मासे दिले, तसे बाबूलाही दिले. एकाला सहा तर त्याला सहा. कुणी दयेने सात दिले असते तर आम्ही हा प्रसंग फिल्ममधून कापला असता.

(दृश्य : कालनिर्णयवर पेनाने गोल केलेले बुधवार. काही गोल रिकामे.)

आता थोडं उलट बाजूचं.

सोबतीने आजार बरा होतो, असा दावा कुणी केला तर त्याच्यापासून लांब राहा. लंडनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना वर्षभर स्वयंसेवक मित्र जोडून देऊन शास्त्रशुद्ध तपासणी झाली. माणूस दिवसातला जास्त वेळ कामाधामात घालवू लागला, असं काही दिसलं नाही. त्याच्या ओळखीपाळखी मात्र वाढल्या. गोवा, सातारा आणि तामिळनाडूत २८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दवाखान्याच्या जोडीला गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जात होते. फायदा दिसला, पण बेताचा. जे आहे ते एवढं आहे. रत्नागिरीचा डॉक्टर सोडून रिक्षावाला धरा, असं इथे कुणी सांगत नाही.

दुसरं, माणसं गळतात. उत्साहात नाव देणारे पावसाळ्यात गायब होतात. दोन महिने येऊन मग न येणारा सोबती हा कधीच न आलेल्यापेक्षा वाईट, कारण पलीकडचा माणूस त्या वारी दाराकडे बघत बसतो. दर १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. त्या दिवशी केळी वाटून फोटो काढणाऱ्यांबद्दल आम्ही काही बोलणार नाही. बोललो की लांबेल.

आणि काही प्रसंग मित्राच्या आवाक्याबाहेरचे. गोळ्या बंद झाल्या, झोप उडाली, जिवाचं बरंवाईट करायची भाषा सुरू झाली, तर गप्पांवर भागत नाही. गटात शिकवलेलं आहे की अशा वेळी सरळ विचारावं, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर ते गुपित ठेवायचं नाही. माणसाला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना सांगायचं आणि दवाखाना गाठायचा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

(दृश्य : पाऊस. पागोळ्या. घरात दिवा लागलेला.)

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तंबाखू सोडून इतर व्यसनं धरून १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. सर्वेक्षण झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण म्हणून आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं समजायला नको.

कायदा मात्र बदलला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. मनोरुग्णाला साखळीने बांधायला त्यात साफ मनाई आहे. ही मनाई कोरडी नाही. तामिळनाडूत एरवाडीला २००१ साली आग लागली तेव्हा साखळदंडात बांधलेली माणसं पळू शकली नव्हती, २८ जण गेले. समाजात, इतरांसारखं राहायचा हक्कही याच कायद्यात लिहिलेला आहे.

आणि आणखी एक तरतूद आहे, बाबूच्या आईच्या प्रश्नाशी थेट जोडलेली. तिने पंचाहत्तरी ओलांडली आहे. आम्ही कॅमेरा बंद केला तरी ती तेच विचारते : “माझ्या मागे ह्येका कोण बघतलो?” याचं पुरतं उत्तर कायद्यातही नाही. पण आजार बळावला तर आपल्या वतीने उपचारांबाबत कुणी बोलायचं, ते कुठल्याही सज्ञान माणसाला आधीच ठरवून ठेवता येतं. साधा कागद पुरतो, त्यावर सही किंवा अंगठा. नेमायचा तो माणूस नात्यातलाच हवा असं नाही, मित्रही चालतो.

(दृश्य : पडवी. वहीचा फाडलेला कागद, पेन. हात दिसतात, चेहरे नाहीत.)

एका बुधवारी हे सगळं बाबूला समजावून झालं. आईला वाटलं होतं, सोबत्याचंच नाव येणार. सोबत्यालाही बहुधा तसंच वाटलं होतं, त्याने अंगातला शर्ट नीट केला होता.

बाबूने बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं.

“तुजा नाव नको,” तो म्हणाला. “तू उद्या मुंबयक गेलंस तर?”

आणि त्याने मावशीचं नाव लिहिलं. मावशी दोन वाड्या सोडून राहते, वय पंचावन्न, मुंबईला एकदाच गेली होती आणि तिला ती मुळीच आवडली नव्हती. कागदाची एक प्रत ओरोसच्या डॉक्टरांकडे द्यायची आहे. पुढच्या तारखेला मावशीलाही बरोबर नेणार, रिक्षाने.