किती टनाची क्रेन पाहिजे, हे आधी विचारूच नका

(लघुउद्योजकांच्या मेळाव्यातलं भाषण, थोडं काटछाट करून)

नमस्कार मंडळी. विषय दिलाय 'क्रेनचे प्रकार आणि बूम ट्रक', आणि मागे वडे तळायला घेतलेत हे मला इथपर्यंत वासाने कळतंय, त्यामुळे माझी स्पर्धा कोणाशी आहे ते मला नीट माहितीय. प्रकार सांगतो, नक्की सांगतो, पण आधी एक गोष्ट जी माझ्या डोक्यात कायम बसलेली आहे ती बोलून घेतो.

आपल्याकडे फोन येतो तो असा. "साहेब, चौदा टनाची हायड्रा पाठवा." हायड्रा म्हणजे लोड पुढे लटकवून चालणारी आपली नेहमीची छोटी क्रेन. बरं, उचलायचं काय? "मशीन." वजन? "असेल सात-आठ टन." किती लांब ठेवायचंय? इथे शांतता. मग, "अहो लांब कुठलं, इथेच आपल्या शेडमध्ये."

आता ते १४ टन कुठले, तर बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, पूर्ण आत आणि लोड जवळजवळ बंपरला चिकटलेला तेव्हाचे. पाण्याने भरलेली बादली छातीशी धरा आणि मग हात लांब करून धरा, बादली तीच पण खांदा बोंब मारतो. ५० टनी ट्रक क्रेनचे ५० टन साधारण ३ मीटर रेडियसला, म्हणजे लोड तेवढ्याच अंतरावर असताना, असतात. १५ मीटरला, म्हणजे पाचपट लांब, साधा भागाकार केला तर १०, कधी त्याहून कमी, नक्की आकडा लोड चार्ट, म्हणजे क्रेनसोबतचा कोष्टकाचा तक्ता, सांगतो, मालकाचा मेहुणा नाही. (हसू) आणि रेडियस मोजायचा क्रेन जिथे फिरते त्या मधल्या बिंदूपासून. चाकापासून नाही, जॅकपासून नाही. हुक, स्लिंग, शॅकल, स्प्रेडर, लोड अडकवायच्या या सगळ्या सामानाचं वजन लोडमध्येच धरायचं, ते कोणी धरत नाही.

एक प्रसंग सांगतो, नाव सांगणार नाही, ते शेठ इथेच बसलेले असतील. आमचं काम शेजारच्या गाळ्यात चालू होतं आणि यांच्याकडे दुसऱ्या कोणाची तरी हायड्रा आलेली. पॉवर प्रेस, जुनी, बिडाची बॉडी. फाउंडेशन गटाराच्या पलीकडे, आणि गटारावरचं झाकण क्रेनचं वजन घेणार नाही म्हणून क्रेन अलीकडेच थांबली. मग काय, बूम बाहेर काढा. काढला. मागची चाकं हलकी व्हायला लागली, म्हणजे टायर जमिनीला टेकलेला दिसतोय पण त्याचा पोटाचा फुगवटा गेलेला, ज्याला कळतं त्याला तेवढं पुरतं. ऑपरेटरने हेल्परला क्रेनच्या मागच्या टोकावर वजन म्हणून उभं केलं. मग दोन लोडर. मग शेठनी वॉचमनला हाक मारली, "अरे ये ये, तू चांगला आहेस अंगाने!" चार माणसं मिळून तीनशे किलो धरा, आणि पुढे सात टन. मी ओरडलो तर शेठ म्हणतात, "तुम्ही तुमचं बघा."

आणि केबिनमध्ये तो जो बझर असतो ना, ओव्हरलोड झाला की कोकलणारा, त्यात चिंधी कोंबलेली. स्वच्छ धुतलेली चिंधी, म्हणजे हे रोजचंच! (हसू) पुढे ऑपरेटरने स्टिअरिंग जरासं फिरवलं. ही क्रेन मधून वाकते, वाकली की पलटीची रेष बदलते, सरळ असताना झेपणारा लोड वळल्यावर झेपत नाही. मागचा भाग उचलला, चौघांनी उड्या मारल्या, त्यांचं वजन गेल्यामुळे आणखी उचलला, आणि प्रेस गटाराच्या काठावर तिरकी आपटली. माणसं वाचली. बिडाला मात्र तडा गेला, आणि शेठचं पहिलं वाक्य, "क्रेन तर डबल टनाची होती!" म्हणून बऱ्याच मोठ्या साईटवर आज हायड्रा गेटच्या आतच घेत नाहीत.

चिठ्ठी आलीये. दहा मिनिटं. बरं.

वाऱ्याचं एकच सांगतो. १४ जुलै १९९९, अमेरिकेत मिलवॉकीला स्टेडियमचं छत बसवत होते, 'बिग ब्लू' नावाची राक्षसी क्रॉलर, म्हणजे पट्ट्यांवर चालणारी, क्रेन, छताचा तुकडा साडेचारशे टनांच्या वर. क्रेनवर वारा किती लागेल याचा हिशोब होता, त्या पसरट तुकड्यावर किती लागेल याचा नव्हता. क्रेन कोसळली, शेजारी टांगलेल्या पाळण्यात काम करणारे तिघे गेले. पत्र्याचे पॅनेल उचलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आता प्रकार, पटापट. ट्रक क्रेन रस्त्याने स्वतः येते, आउटरिगर, म्हणजे बाजूला निघणारे आधाराचे पाय, पूर्ण बाहेर काढून उभी राहते, आणि खाली नुसती वीट नाही, जाड लाकडी स्लीपर लागतात, कारण बूम ज्या कोपऱ्यावर येतो त्या एका जॅकवर बहुतेक वजन येतं. ऑल टेरेन तिचीच मोठी बहीण, लीभर कंपनीची एलटीएम ११२०० घ्या, ९ ॲक्सल, १२०० टन, तेही अडीच मीटर रेडियसला, बघा इथेही तेच! रफ टेरेन म्हणजे दोन ॲक्सल, मोठे टायर, रिफायनरीच्या आवारात मस्त, पण लांबच्या साईटवर ट्रेलरवरूनच. क्रॉलरला जाळीचा बूम, ती चार्टमध्ये असेल तर लोड घेऊन चालते, पवनचक्क्या उभारायला हीच. टॉवर क्रेनमध्ये आडव्या हाताची, आणि जागा अरुंद असेल तर बूम वर-खाली होणारी लफिंग. आडव्या हाताची रात्री मोकळी सोडतात, वाऱ्यासोबत फिरू दे म्हणून, कृपया बांधून ठेवू नका.

आणि बूम ट्रक, ज्याचं नाव विषयात होतं आणि मी शेवटच्या मिनिटावर आणलं. ट्रकवरच घडीचा बूम, इंजिनमधूनच हायड्रॉलिक पॉवर, याच कल्पनेवर १९४४ मध्ये स्वीडनमध्ये हियाब ही कंपनी सुरू झाली. स्वतःचा माल स्वतः आणतो, स्वतः उतरवतो, डीजी सेट म्हणजे जनरेटर, छोटा ट्रान्सफॉर्मर, ब्लॉक पॅलेट, यासाठी वेगळी क्रेन बोलवून पैसे घालवू नका. फक्त केबिनच्या पुढच्या बाजूला त्याची ताकद कमी असते, आणि माल उतरत जातो तसा ट्रक हलका होतो, म्हणून शेवटचा जड नग लांब ठेवायचा प्लॅन करू नका. ११ केव्हीच्या तारेखाली तर… हो हो, थांबतो, वडे आले.