संचालक हाही साथीदारच : डॅनियल बॅरेनबॉइम यांच्या निमित्ताने

अध्यक्ष महोदय आणि रसिकहो,

आजची पत्रिका वाचून कोणाचाही असा समज होईल की, बॅरेनबॉइम नावाचे गृहस्थ आधी पियानो वाजवीत असत आणि पुढे बढती मिळून वाद्यवृंदाचे संचालक झाले. वस्तुस्थिती तशी नाही. त्यांनी पियानो सोडला नाही. आणि माझे म्हणणे, जे ऐकवून ऐकवून बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या स्नेह्यांना मी जेरीस आणले आहे, ते असे की, संचालनही त्यांनी साथीदाराच्या वृत्तीनेच केले. हातात छडी घेऊन शंभर वादकांसमोर उभा राहिलेला माणूस आपल्याला हुकूम सोडणारा वाटतो. प्रत्यक्षात, ज्याच्या हातून एकही स्वर निघत नाही असा त्या मंचावरचा तो एकटाच संगीतकार असतो. ज्याचे सगळेच दुसऱ्यांच्या स्वरांवर अवलंबून आहे, त्याला कान देण्यावाचून गत्यंतर नसते.

बॅरेनबॉइम यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1942 रोजी अर्जेंटिनातल्या ब्यूनस आयर्स येथे झाला. आई आणि वडील दोघेही पियानोचे शिक्षक. दारावरची घंटा वाजवणारा प्रत्येक जण शिकवणीलाच येत असल्यामुळे, पियानो न वाजवणारीही माणसे जगात असतात हे आपल्याला बरेच उशिरा कळले, असे ते गमतीने सांगत आले आहेत. 1950 मध्ये, सातव्या वर्षी, त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला आणि 1952 मध्ये कुटुंब इस्रायलला गेले. अशा बालवयातल्या तेजाचे आपल्याला अप्रूप वाटण्याचे कारण नाही. इथून जवळच सुळेभावीत 1924 साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजे आपले कुमार गंधर्व, अर्ध्या चड्डीच्या वयात मोठमोठ्या गवयांना थक्क करीत होतेच. प्रश्न असतो तो पुढे काय होते याचा. कुमारांना देवधर मास्तर भेटले. बॅरेनबॉइम यांना 1954 च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये नामवंत संचालक इगोर मार्केविच यांच्या संचालनाच्या वर्गात बसायला मिळाले, तेव्हा ते अवघे अकरा वर्षांचे होते. साल्झबर्गलाच त्यांनी एडविन फिशर यांना ऐकले. पियानोपुढे बसूनच वाद्यवृंद चालवणारे हे वादक होते, आणि ती पद्धत थेट मोझार्टच्या काळापासूनची आहे. नुसती छडी घेऊन उभा राहणारा संचालक ही एकोणिसाव्या शतकातली निर्मिती. त्या शतकातही हान्स फॉन ब्यूलो हे आधी नावाजलेले पियानोवादकच होते. 1865 साली जर्मन संगीतकार वाग्नर यांच्या 'ट्रिस्टान' या ऑपेराचा पहिला प्रयोग त्यांनी संचालित केला, पुढे पत्नी वाग्नरकडे निघून गेली, तरी त्यांनी वाग्नरच्या संगीताशी वैर धरले नाही. (हशा.) हसू नका, साथीदाराला काय काय गिळावे लागते, याचे ते टोकाचे उदाहरण आहे.

आता पियानोवादकच संचालनाकडे का वळतो, हे सांगण्यासाठी मला आपल्याच गावातल्या एका पियानोची कैफियत मांडावी लागेल. कोणत्या सभागृहातला, ते मी सांगत नाही. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना ते ठाऊक आहे आणि उरलेले निम्मे त्याच्या कमिटीवर आहेत. पियानोत सुमारे 230 तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण अठरा-वीस टनांच्या घरात जातो. हा सगळा ताण सांभाळायला लोखंडी चौकट असते, पण आवाज घुमतो तो पातळ लाकडी फळीमुळे. बेळगावचा पाऊस आपल्याला सांगायला नको. जूनपासून ती फळी ओल पिते, फुगते, वर उचलली जाते आणि तारा चढतात. थंडीत हवा कोरडी झाली की त्याच तारा उतरतात, आणि त्यातही सगळ्या सारख्या उतरत नाहीत. मधल्या सप्तकांत एका स्वराला तीन तारा असल्यामुळे, एक पट्टी दाबली की तीन शेजारी भांडताना ऐकू येतात. वर्षातून निदान दोनदा ट्यूनर बोलवावा, असा माझा साधा अर्ज होता. त्यावर रीतसर बैठक झाली. ट्यूनिंगसाठी तरतूद नसल्याचे निष्पन्न झाले, मात्र पॉलिशसाठी तरतूद होती; तेव्हा पियानो चकाकू लागला. चकाकल्यामुळे तो मंचाच्या मधोमध आला, मधोमध आल्यामुळे दीपप्रज्वलनाची समई त्याच्यावर ठेवण्याची प्रथा पडली, आणि समईचे तेल झाकणाच्या फटीतून आत उतरून खालच्या षड्जाच्या फेल्टपर्यंत पोहोचले. आज तो स्वर दाबला तर पट्टी खाली जाते, आणि वर येणे न येणे तिच्या मर्जीवर असते. बाहेरगावच्या एका वादकाला आपण आदराने त्या पियानोसमोर बसवले होते. त्यांनी दोन मिनिटे सगळ्या पट्ट्या चाचपल्या, कोणता स्वर दगा देतो ते मनाशी ठरवले, आणि त्या स्वरांना वळसा घालून, जिथे टाळता येत नव्हते तिथे बोट हलके ठेवून, अख्खा कार्यक्रम निभावून नेला. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. कमिटीने पुन्हा पॉलिश केले.

ही कैफियत विषयाला सोडून नाही. व्हायोलिनवाला आपले वाद्य काखेत मारून येतो, तंबोरेही गाडीतून येतात. पियानोवादकाला मात्र गावोगावी परक्या वाद्याशी तासाभरात समेट करावा लागतो. समोरचे वाद्य काय देऊ शकते, काय देऊ शकत नाही, हे ऐकून मगच आपला हट्ट किती धरायचा ते ठरवायचे असते. पाहुणा संचालक परक्या वाद्यवृंदासमोर उभा राहतो तेव्हा त्याची नेमकी हीच परीक्षा असते. खुद्द बॅरेनबॉइम यांनी साठ वर्षांहून अधिक काळ असे वाजवल्यानंतर 2015 मध्ये बेल्जियमच्या क्रिस मान यांच्याकडून, खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या न नेता सगळ्या सरळ समांतर ओढलेला, मनासारखा पियानो करवून घेतला.

दुसरे कारण आपल्या हार्मोनियमवाल्यांना चटकन पटेल. पियानोचा स्वर वाजला त्या क्षणापासून मरू लागतो. त्याला फुगवता येत नाही. पेटीचा स्वर टिकतो, पण तिला मींड नाही, म्हणून तर आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला दाराबाहेर उभे केले होते. तरीही याच गावात पंडित रामभाऊ विजापुरे यांची साथ ज्यांनी ऐकली आहे, त्यांना पट्ट्यांच्या मधली जागा ऐकू आल्याचा भास झालेला आहे. जे वाद्यात नाही ते श्रोत्याच्या कानात उभे करायचे, ही दोघांचीही कसरत. ती आयुष्यभर केलेला माणूस छडी हातात घेतो तेव्हा, जो स्वर आपण स्वतः काढणार नाही तो समोरच्याकडून कसा निघेल, हे त्याला आधीच ऐकू येत असते.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. मुख्य विषयाला आता पाचच मिनिटे उरली आहेत, तेव्हा भराभर सांगतो.

संचालक म्हणून 1975 ते 1989 पॅरिसचा वाद्यवृंद, 1991 ते 2006 शिकागोचा, आणि 1992 पासून जानेवारी 2023 पर्यंत बर्लिनचे श्टाट्सओपर हे ऑपेरागृह. मधल्या काळात चेलोवादक पत्नी जॅकलिन दु प्रे यांचा दीर्घ आजार आणि 1987 मध्ये मृत्यू. 1999 मध्ये पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंत एडवर्ड सईद यांच्यासमवेत त्यांनी जर्मनीतल्या वायमारमध्ये अरब आणि इस्रायली तरुणांचा वाद्यवृंद उभा केला. त्यात एकाच स्टँडवरच्या स्वरलिपीतून सीरियाचा आणि इस्रायलचा मुलगा शेजारी शेजारी बसून वाजवीत, आणि गज दोघांचा एकाच वेळी वर जावा लागे. आपण सीमाभागातली माणसे आहोत, यावर मी अधिक बोलत नाही. वाग्नर ज्यूद्वेष्टा आणि नाझींचा लाडका, म्हणून इस्रायलमध्ये त्याच्या संगीतावर अघोषित बहिष्कार. 2001 साली जेरुसलेममध्ये, ठरलेला कार्यक्रम संपल्यावर, वाग्नर ऐकायचा की नाही हे त्यांनी श्रोत्यांनाच विचारले. अर्धा तास वादावादी झाली, काही जण ओरडत, दारे आपटत निघून गेले, आणि राहिलेल्यांसाठी त्यांनी 'ट्रिस्टान'ची नांदी वाजवली. त्यांचे बरोबर होते की चूक, यावर मतभेद राहतील. पण आयुष्यभर हुकूमच सोडलेल्या माणसाला हा प्रश्न सुचला असता, असे मला वाटत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत त्यांनी आपल्याला पार्किन्सन झाल्याचे जाहीर केले.

आभारप्रदर्शनानंतर मोझार्टच्या तेविसाव्या पियानो कॉन्चेर्टोचा, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेचा, मधला भाग आपण ऐकणार आहोत. इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर बॅरेनबॉइम पियानो वाजवता वाजवता संचालन करीत आहेत. सुरुवातीला पियानो एकटाच आहे. तो थांबतो आणि वाद्यवृंद आत येतो, त्या जागी कान द्या. तेव्हाच त्यांचे हात मोकळे झालेले असतात. हे सगळे स्पीकरवरून ऐकवले जाईल, कारण खालच्या षड्जाची पट्टी अजून वर आलेली नाही.