दगडाखालचा निनावी

[दृश्य: सकाळ. काळ्या दगडांवरून खळाळणारा ओढा. गुडघाभर पाण्यात उभा माणूस, दोन्ही हात पाण्याखाली.]

तोरणमाळ. नंदुरबार जिल्हा, अक्राणी तालुका. समुद्रसपाटीपासून साधारण साडेअकराशे मीटर. सातपुड्याच्या या धारेवर पडलेल्या पावसाची इथेच वाटणी होते. उत्तर उतारावरचं पाणी नर्मदेला, दक्षिण उतारावरचं तापीला. दिवाळी होऊन गेलीय. पावसाळ्यातला गढूळपणा खाली बसलाय आणि ओढा अजून वाहतोय. आम्हाला हेच दिवस हवे होते. फाल्गुनात आलात तर नुसते दगड भेटतील.

शहाद्याहून आम्हाला वर आणणारे गाडीवाले नाना काठावर बसलेत. बराच वेळ त्यांनी गंमत पाहिली. मग राहवेना.

"भाऊ, दगडं काब्र उलथी ऱ्हायनात तुम्ही?"

तर यासाठी, नाना.

[दृश्य: उलटा धरलेला दगड, अगदी जवळून.]

दगडाच्या पोटाला हा बुळबुळीत गोळा चिकटलाय. शेंबूडच म्हणा. आता हाच दगड पाण्यात बुडवून धरतो. बघा, गोळा फुलला. हातमोज्याच्या बोटांसारख्या लांबट पिशव्या झाल्या, एकीला खेटून दुसरी, सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे. हे रेशमी जाळं आहे, आणि त्याची वीण इतकी बारीक की साध्या डोळ्यांना भोक दिसत नाही. पाण्याबरोबर वाहत आलेले अतिसूक्ष्म कण यात अडकतात. जाळं विणणारी आत बसली आहे.

[दृश्य: पांढऱ्या ताटलीत अळी. भिंगातून.]

जेमतेम सेंटिमीटरभर. अंग पिवळट पांढरं, डोकं मात्र पिकलेल्या संत्र्याच्या रंगाचं. वरच्या ओठाकडे लक्ष द्या. इंग्रजी टी अक्षरासारखा पसरट, मऊ, कडेला दाट केस. ही तिची केरसुणी. जाळ्याच्या आतल्या अंगाला चिकटलेलं खाणं ती या ओठाने झाडून घेते. डोक्याची पुढची कड दोन्ही बाजूंना सारखी नाही, खाच एका अंगाला कललेली आहे. इथवर पाहिलं की प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, सांगता येते. कॅडिसफ्लाय, म्हणजे अळीपणी पाण्यात राहणारा आणि मोठेपणी पंख फुटणारा कीटक. कुळ फिलोपोटॅमिडी, प्रजाती चिमारा.

आणि इथेच अडतं.

चिमाराच्या जगभरात नऊशेहून अधिक जाती आहेत. बहुतेक उष्ण प्रदेशातल्या, त्यातल्या पुष्कळ डोंगरी ओढ्यांमधल्या. ताटलीतली ही त्यांतली कोणती? का त्यांतली कुठलीच नाही? बहुतेक जातींची वर्णनं प्रौढ नरावरून लिहिलेली आहेत, अळीवरून नाही. त्यामुळे ओढाभर अळ्या समोर असूनही नावाच्या बाबतीत हात रिकामेच.

अळीच्या घरावर विसंबलं तर फसगत कशी होते, याचा एक जुना किस्सा आहे. काही कॅडिस वाळूचे कण रेशमाने चिकटवून गोगलगायीच्या शंखासारखं वेटोळं घर बांधतात. १८३४ मध्ये अमेरिकेत आयझॅक ली यांनी असं घर पाहिलं आणि गोड्या पाण्यातली गोगलगाय म्हणून त्याचं रीतसर वर्णन केलं. ली हे शंखशिंपल्यांचे जाणकार होते, बरं का. नवख्याची चूक नव्हती ती.

[दृश्य: रात्र. ओढ्याकाठी पांढरं ताट, वर जांभळट दिवा.]

मग नर शोधायचा. त्यासाठी रात्र, शक्यतो अमावास्येच्या आसपासची, वारा पडलेली. ताटात साबणाचं पाणी, वर अतिनील दिवा. तासाभरात ताट भरतं. तुडतुडे, पतंग, मेफ्लाय... आणि हे काळपट किडे, पंख कौलारू घराच्या पाख्यांसारखे पाठीवर उतरते ठेवलेले. नावात फ्लाय असलं तरी ही माशी नव्हे. कॅडिसचं जवळचं नातं फुलपाखरं आणि पतंगांशी. त्यांच्या पंखांवर खवले, यांच्या पंखांवर केस. १८१३ मध्ये विल्यम कर्बी यांनी गणाला ट्रायकॉप्टेरा हे नाव दिलं, त्याचा अर्थच केसाळ पंखांचे.

यातले चिमारा वेगळे काढणं फार कठीण नाही. डोक्यावर तीन साधे डोळे असतात, हायड्रोसायकिडी कुळातल्यांना ते नसतात. मग नडगीवरचे काटे मोजायचे. पुढच्या पायाला एक, मधल्याला चार, मागच्याला चार. याच कुळातल्या इतरांना पुढच्या पायावर सहसा दोन.

[दृश्य: प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाखाली काचेची वाटी.]

जात मात्र पोटाच्या टोकाशी ठरते. नराच्या पोटाचा मागचा भाग सोडवून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात गरम करतात. स्नायू विरघळतात, कवच उरतं, काचेसारखं स्वच्छ. ते ग्लिसरिनमध्ये ठेवून बाजूने, वरून, खालून पाहायचं आणि पेन्सिलने रेखाटायचं. नवव्या खंडाच्या खालचा उंचवटा केवढा, दहाव्याच्या पाळ्यांचा आकार कसा, मादीला धरणारे चिमटे कसे वळलेत, लिंगाच्या आत काटे किती. एका काट्याच्या फरकावर दिवस जातो. फोटो कितीही चांगला असो, इथे हाताने काढलेल्या रेषेला तोड नाही; काय महत्त्वाचं ते रेषेला निवडावं लागतं.

मग तुलना. भारतातल्या कॅडिसच्या हजाराहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी ब्रिटिश म्युझियमच्या मार्टिन मोझली यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात वर्णिल्या. जुनी चित्रं कधीकधी इतकी मोघम असतात की मूळ नमुनाच पाहावा लागतो. सगळ्यांशी ताडून वेगळी ठरली, तरच नवी जात. मग एक नर मूळ नमुना, म्हणजे होलोटाइप, म्हणून नेमायचा आणि तो कोणत्या संग्रहालयात ठेवला ते छापायचं. नाव सगळ्यात शेवटी. (आमच्यातल्या एकाने घाट चढतानाच नाव ठरवून टाकलं होतं. त्याला चहा पाजून गप्प केलं.)

पण दिव्याखालचा नर आणि दगडाखालची अळी एकाच जातीची, हे कशावरून? ओढ्यात चिमाराच्या दोन-तीन जाती एकत्र असू शकतात. हल्ली दोघांचा डीएनए जुळवतात. जुना मार्ग याच दगडाखाली आहे.

[दृश्य: दुसरी सकाळ. दगडाला चिकटलेला खड्यांचा उंचवटा. चिमट्याने तो उघडला जातो.]

हा बारीक खड्यांचा फुगवटा म्हणजे कोषाचं घर. हळूच उघडूया. आत प्यूपा आहे, चांगला पिकलेला, बाहेर पडायच्या बेतात. पातळ आवरणातून पोटाचं टोक दिसतंय आणि चिमटे तयार आहेत. नर! आणि तळाशी, चुरगाळून पडलेलं ते काय? अळीने टाकलेली कात. संत्र्याच्या रंगाचं डोकं, कललेल्या खाचेसकट. अळी आणि नर, एकाच खोलीत.

दोन्ही एकाच कुपीत जातात, ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये. चिठ्ठी पेन्सिलने लिहायची, बॉलपेनची शाई विरघळते. राज्य, जिल्हा, तालुका, ओढा, उंची, तारीख.

नाना जवळ आले. कुपी उजेडात धरून बघितली.

"नाव काय लिखं?"

अजून तोरणमाळच लिहिलंय, नाना.