नाताळच्या झाडाचा खोडवा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या डिसेंबरात मी लेकीकडे होतो, अमेरिकेत, ऑरेगन राज्यात. शनिवारी सकाळी जावई म्हणाले, "बाबा, गमबूट चढवा. नाताळचं झाड तोडायला जायचंय." माझं मन काही तयार होईना. उभं हिरवं झाड तोडणाऱ्याला आमची आजी शिव्याच घालायची हो!

विलामेट नदीच्या खोऱ्यातलं ते शेत. बारीक पाऊस, घोट्यापर्यंत चिखल, आणि समोर सरळ ओळीत लावलेली नोबल फर जातीची नाताळची झाडं. तेव्हा डोक्यात उजेड पडला, अरे, हे तर पीक! मी सांगलीकडचा ऊसवाला, मला ओळी कळतात. एकरी दीड-दोन हजार रोपं. डोक्याच्या वर जायला आठ-दहा वर्षं लागतात. तोवर तण काढायचं, हरणं हाकायची, दर उन्हाळ्यात लांब पात्याच्या सुरीनं आकार द्यायचा. आमचा आडसाली ऊस दीड वर्ष घेतो, तरी आम्ही कारखान्याच्या नावानं बोटं मोडतो.

आणि एक गंमत ऐका. काही शेतकरी तोडताना खालच्या फांद्या राखतात. त्यातली एक वर वळते, शेंडा धरते आणि त्याच बुंध्यावर दुसरं झाड उभं राहतं. म्हणजे आपला खोडवाच की, तोडलेल्या उसाच्या बुडातून पुन्हा फुटणारं पीक!

नातवानं झाड निवडलं. करवत शेतावरच मिळते. जावई चिखलात आडवे झाले, मी खोड एका बाजूला रेटून धरलं, नाहीतर पातं अडकतं. हाताला राळ चिकटली, ती रात्री खोबरेल तेलानं निघाली. मग झाड जाळीत आवळून गाडीच्या टपावर.

उघड्या आभाळाखाली झाड लहान दिसतं, हे घरी आल्यावर कळलं. शेंडा छताला टेकला! बुडातून वीतभर कापावं लागलं. तसंही बूड ताजं कापावंच लागतं, कारण राळेनं तोंड बंद झालं की झाड पाणी ओढत नाही. आमच्या झाडानं पहिल्या रात्रीच भांडं कोरडं केलं.

त्या तुकड्याची जावयांनी एक चकती काढली. नातू बोट ठेवून वर्तुळं मोजत बसला. दहा भरली. तो स्वतः आठ वर्षांचा. मोजून झाल्यावर त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

चकती आता लेकीच्या स्वयंपाकघरात असते. तिच्यावर गरम चहाचा कप ठेवला की राळेचा वास येतो.