पटावरच्या दाण्यांची संख्या

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरं भरायची. राजाचं कोठार रितं होतं, आपण तोंडात बोट घालतो आणि पुढे जातो. मला ते पुढे जाणं खटकतं. त्या संख्येजवळ आज जरा थांबू या.

एकूण दाणे १८४४६७४४०७३७०९५५१६१५. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानं आहेत. ही संख्या वीस अंकी, म्हणजे १८४ परार्ध आणि वर आणखी.

तिचे अवयव कसे पाडायचे? शेवटी ५ आहे, अंकांची बेरीज ८७ आहे, म्हणजे ५ ने आणि ३ ने भाग जातो. पण असं चाचपडायला नको. दोनाच्या ६४व्या घातातून एक वजा केला की ही संख्या मिळते. शाळेतलं वर्गांतराचं सूत्र लावा, वजाबाकीचा कंस फुटेल. तो पुन्हा फोडा, फोडत राहा. हाती येतात ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. यांतली प्रत्येक संख्या आधीच्या सगळ्यांच्या गुणाकारापेक्षा दोनाने मोठी आहे. ३ × ५ = १५, पुढची १७. १५ × १७ = २५५, पुढची २५७. किती देखणी वीण आहे ही!

या साच्यातल्या सगळ्याच संख्या मूळ असणार, असं १६४० च्या सुमारास फ्रेंच गणिती फर्माला वाटलं. पहिल्या पाच आहेतही. सहावीने दगा दिला, तो १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने उघड केला. त्याची हुशारी अशी, की या सहावीचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठाच असतो. मग तपासायच्या मूळ संख्या उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्याच भागाकाराला भाग गेला! ६४१ × ६७००४१७. घरी गेल्यावर हा गुणाकार हाताने करा, कॅल्क्युलेटर नको.

आता फक्त अर्धा पट घ्या. बत्तीस घरांतले दाणे ४२९४९६७२९५, म्हणजे बरोबर त्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार. जर्मन गणिती गाउसने १७९६ मध्ये, वयाची एकोणीस वर्षंही पुरी झाली नसताना, सतरा बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येतो हे दाखवलं. त्याच वाटेने, फर्माच्या साच्यातल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करत गेलं तर बाजूंची संख्या विषम असलेला, पट्टी-कंपासने काढता येण्याजोगा आज माहीत असलेला सर्वांत मोठा सुसम बहुभुज ४२९४९६७२९५ बाजूंचा आहे. अर्ध्या पटावरच्या दाण्यांइतक्या बाजू! फर्माच्या साच्यातली आणखी एखादी मूळ संख्या सापडली तर हा बहुभुज मागे पडेल. अजून सापडलेली नाही, आणि ती नाहीच असंही कुणी सिद्ध केलेलं नाही.