पंप बदलण्याआधी हवा काढा

(बेळगावातल्या गॅरेजचालकांपुढे आणि ऑटोमोबाइल शिकणाऱ्या मुलांपुढे दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात)

मंडळी, सुपरचार्जरची, म्हणजे हवा दाबून इंजिनात ढकलणारा कॉम्प्रेसर असलेली गाडी आपल्याकडे रोज येत नाही. पण जुन्या रेंज रोव्हर, तीन लिटर टीएफएसआय इंजिनाच्या ऑडी, मर्सिडीजच्या ५५ एएमजी आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्यात, आणि शोरूमचं एस्टिमेट बघितलं की तो मालक उद्यमबागेतल्या गॅरेजची वाट धरतो. तक्रार ठरलेली: "गावात बरी चालते, चोर्ला घाटाचा चढ लागला की बसते." आपलं उत्तरही ठरलेलं: इंटरकूलरचा, म्हणजे ही दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा, पाण्याचा पंप गेला. बऱ्याचदा तो गेलेला नसतो. तो हवेत फिरत असतो.

सुपरचार्जर हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. बाहेर ३० अंश असताना ०.६ बार बूस्टला (बाहेरच्यापेक्षा तेवढा जादा दाब) ती शंभराच्या जवळ जाते. एवढी गरम हवा सिलिंडरमध्ये गेली तर नॉकिंग होणार, म्हणजे इंधन भलत्या वेळी पेटणार, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि ताकद जाते. डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही. ही हवा थंड करायला इंटरकूलरमधून पाणी, म्हणजे कूलंट, फिरवतात. त्यासाठी पुढे वेगळा छोटा रेडिएटर असतो, विजेवर चालणारा पंप असतो, आणि इंटरकूलर स्वतः इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला असतो. कुठे या पाण्याला स्वतंत्र टाकी असते, कुठे ते इंजिनाच्याच टाकीला बारीक होजने जोडलेलं असतं.

खरी गोम त्या "डोक्यावर"मध्ये आहे. हवा वरच जाणार, आणि इथे सगळ्यात वर इंटरकूलरच. काही गाड्यांत तर तो टाकीच्या झाकणापेक्षाही उंच असतो. म्हणजे तुम्ही टाकी काठोकाठ भरलीत तरी वरचा भाग कोरडाच राहतो आणि वरून बघणाऱ्याला लेव्हल मात्र बरोबर दिसते. इथे हायड्रॉलिक्सची कामं करणारे बरेच जण बसलेत. लाइनमध्ये एअर राहिली की सिलिंडर कसा धक्के देतो ते त्यांना सांगायला नको. फरक इतकाच, की तिथला पंप दाब देऊन तेल ढकलतो. हा बिचारा छोटा सेंट्रिफ्यूगल पंप, पाणी नुसतं गरागरा फिरवून बाहेर फेकणारा. त्याच्या पोटात हवा गेली की नुसता गरगरतो. शिवाय त्याच्या बेअरिंगला वंगण त्या पाण्याचंच, त्यामुळे फार दिवस कोरडा फिरला तर शेवटी खरोखरच जातो.

आता ओळखायचं कसं? गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावा आणि इंटरकूलरमधून बाहेर पडून इंजिनात जाणाऱ्या हवेचं, म्हणजे इनटेकचं, तापमान बघा. पण टिळकवाडीच्या रेल्वे गेटपाशी उभ्या गाडीत आकडा चढला म्हणून निदान करू नका. उभ्या गाडीत इंजिनाची धग वर येते, तो चढणारच. गाडी तवंदी घाटात न्या, नाहीतर जांबोटीमार्गे चोर्ल्याला. जोर देताना आकडा वाढू दे. मला बघायचं असतं ते पुढचं: चढ संपला, पाय हलका केला, वारा लागला, की तो खाली येतो का? पाणी फिरत असेल तर उतरायला लागतो. हवा अडकली असेल तर वरच बसून राहतो.

परत आल्यावर पुढच्या छोट्या रेडिएटरचे दोन्ही होज चाचपा, पण फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवा. इंटरकूलर तापलाय आणि दोन्ही होज गार, म्हणजे पाणी पोचतच नाही. मग पंपाच्या वायरला करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर लावा. करंट शून्य असेल तर फ्यूज, रिले, वायरिंग किंवा मोटर. नेहमीपेक्षा जास्त असेल तर इंपेलर, म्हणजे पंपातलं पातं, अडकलंय. कमी असेल आणि पंप घरघरतोय, तर हवा. एवढं केलंत की पंपाची किंमत वाचते का ते कळतं.

एअर काढायची ती गार इंजिनावर. तापलेलं झाकण उघडून तोंड भाजून घेऊ नका. हवा सोडायचा ब्लीड स्क्रू असेल तर सैल करा आणि बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत भरत राहा. गाडी तिरकी करायची तर आधी भरायची जागा कुठे आहे ते बघा, आणि ती बाजू उचला. भरायची जागा मागे असताना नाक उचललंत तर हवा उलट पुढे अडकते. झाकणाच्या जागी घट्ट बसणारं उंच फनेल लावलं की पाण्याची पातळी इंटरकूलरच्या वर जाते. साधा उपाय आहे, पण कामाचा. मग स्कॅनरवरून पंप चालू-बंद करा. तो थांबला की हवा वर सरकते, चालू झाला की पुढे ढकलली जाते. सलग चालवत ठेवलात तर तोच बुडबुडा गोल गोल फिरतो.

सगळ्यात खात्रीचा मार्ग व्हॅक्यूम फिलरचा. कॉम्प्रेसरच्या हवेवर तो आतली हवा ओढून घेतो आणि मग कूलंट आपसूक आत येतं. इथे आपल्या गावाची एक गोष्ट लक्षात ठेवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. पणजीत हवेचा दाब पाऱ्याच्या ३० इंचांच्या आसपास असतो, इथे साधारण साडेसत्तावीस. फिलरचा काटा बाहेरच्या दाबापेक्षा आतला दाब किती कमी झाला ते दाखवतो, म्हणून तिकडे जो फिलर २५ इंच दाखवतो तो इथे २३ ला थांबला तर फिलर बिघडला म्हणून फेकू नका. आतली हवा दोन्हीकडे जवळपास तितकीच निघालेली असते. काटा किती वर गेला त्यापेक्षा तो तिथे टिकतो का ते बघा. पाच-दहा मिनिटांत खाली सरकला तर कूलंट भरूच नका, गळती शोधा.

कारण सिस्टिम कुणी उघडली नसेल तर हवा शिरली कुठून? क्लॅम्प, पंपाचा जोड, दगड लागलेला पुढचा रेडिएटर, हे सगळं बघा. बाहेर थेंबही नाही आणि टाकीतलं कूलंट मात्र कमी होतंय, तर इंटरकूलर आतून फुटल्याची शंका घ्या. ते पाणी थेट इनटेकमध्ये जातं. रात्रभर साठलं आणि सकाळी स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. अशी गाडी आली की प्रेशर टेस्टर लावा, स्पार्क प्लग काढा, आणि मगच इंजिन फिरवा.