डोकं नसलेला गायक

(दृश्य: 'ब्लॅक मिथ: वुकोंग' या व्हिडिओ गेममधला पिवळ्या वाळूनं भरलेला डोंगर. दगडावर बसलेली एक आकृती, हातात तंतुवाद्य.)

हा भिक्षू गातोय. धडावर डोकं नाही, तरी आवाज खणखणीत आहे. हातात सान्शियान, तीन तारांचं वाद्य. ऐकणारा खेळाडू पॅरिसचा असो की पुण्याचा, ही बोली त्याच्या ओळखीची नाही. तरीही लढाई सोडून तो थांबतो.

'ब्लॅक मिथ: वुकोंग' हा चिनी गेम २० ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. त्या आकड्यापेक्षा मला हे गाणं मोठं वाटतं. ही 'शानपेइ श्वोशू', चीनच्या वायव्येकडच्या यानआन परिसरातली कथागायनाची परंपरा. पूर्वी अंध कलावंत गावोगाव फिरून ती गात. वाद्य स्वतःच वाजवायचं, पायाला बांधलेल्या लाकडी पट्ट्यांनी तालही स्वतःच धरायचा. गेम इंग्रजीत खेळलात तरी हे गाणं त्याच बोलीत वाजतं. परक्या कानांना सोपं जावं म्हणून त्याला पॉपचा मुलामा दिलेला नाही. निर्मात्यांनी ऐकणाऱ्यावर विश्वास टाकला, आणि तो सार्थ ठरला.

(दृश्य: मंदिराच्या भिंतींवर, तुळयांवर दाटीनं बसवलेल्या रंगीत मूर्ती.)

हे मंदिर पाहा. शान्शी प्रांतातलं श्याओशीथियान, मिंग राजघराण्याच्या काळातलं. गाभारा लहान, पण आत भिंतींपासून छतापर्यंत मूर्तींची नुसती गर्दी, जणू हवेत तरंगणारी. गेमच्या चमूनं चीनभरची अशी जुनी मंदिरं आणि शिल्पं थ्री-डी स्कॅन केली. या एकट्या शान्शीतली २७ ठिकाणं गेममध्ये आहेत. त्यामुळे राक्षसामागे धावणारा खेळाडू ज्या खांबाआड लपतो, त्याच्यावरची नक्षी कुणा जुन्या कारागिराच्या छिन्नीची असू शकते.

गोष्ट मात्र गेम समजावून सांगत बसत नाही. सोळाव्या शतकातली 'पश्चिमेची यात्रा' ही कादंबरी संपते, तिथून पुढे तो सुरू होतो. त्या कादंबरीत भारताच्या वाटेवर निघालेला भिक्षू आपल्या इतिहासातही आहे. तो ह्युएन त्संग, सातव्या शतकात भारतात आलेला. पुलकेशी दुसरा याच्या काळातल्या महाराष्ट्राबद्दल आणि इथल्या मानी माणसांबद्दल त्यानं लिहून ठेवलंय. कादंबरीनं त्याच्या सोबतीला सुन वुकोंग हा वानर दिला, गेमच्या नावातला वुकोंग तोच.

मूळ कथा न वाचलेले खेळाडू इथे गोंधळतात, हे खरं. पण शत्रूला हरवलं की एक सचित्र नोंद उघडते: हा कोण, कसा बिघडला, त्याच्यावर काय गुदरलं. थोडक्यात सांगितलेल्या या कथा अनेकदा लढाईपेक्षा जास्त चटका लावतात. आधी मारायचं आणि मग त्याची कहाणी वाचायची, हा क्रम मला फार धाडसी वाटतो.

(दृश्य: श्याओशीथियानच्या पायऱ्यांवर पर्यटकांची रांग.)

गेम आल्यावर शान्शीच्या पर्यटन खात्यानं वुकोंगच्या नावानं प्रवासमोहीमच काढली. आडबाजूच्या या डोंगरातल्या मंदिरात आता देशोदेशीचे खेळाडू येतात आणि पडद्यावर पाहिलेल्या मूर्ती ओळखून काढतात.